स्पेनमधील सियुदाद रेआल विमानतळ इतक्या लवकर बंद का पडला?

मुख्य कारण असे की, तो ज्या प्रवाशांसाठी बांधला ते तेथे कधी आलेच नाहीत. माद्रिदच्या दक्षिणेस सुमारे २०० किलोमीटरवर खासगी भांडवलातून उभारलेला हा विमानतळ २००८ च्या अखेरीस सुरू झाला, तो माद्रिदच्या बाराहास विमानतळाला पर्याय ठरेल या अपेक्षेने. परंतु ज्या अतिजलद रेल्वेमार्गावर ही सारी भिस्त होती, त्या मार्गावरचे नियोजित स्थानक प्रवाशांसाठी कधीही खुले झाले नाही. त्यातच आर्थिक मंदी आली आणि प्रकल्पाशी निगडित असलेली काखा कास्तिया-ला मांचा ही प्रादेशिक बचत बँक २००९ मध्ये स्पेनच्या मध्यवर्ती बँकेला ताब्यात घ्यावी लागली. विमानतळाची कंपनी २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली, २०११ मध्ये नियमित उड्डाणे थांबली आणि २०१२ मध्ये विमानतळ बंद झाला. एक अब्ज युरोहून अधिक खर्चाच्या या मालमत्तेसाठी २०१५ च्या लिलावात अवघ्या १०,००० युरोंची बोली लागली. वृत्तपत्रांनी ती फार गाजवली, पण त्या बोलीने विक्री झाली नाही. मात्र त्याला आजही ‘ओसाड’ म्हणणे अचूक नाही, कारण २०१९ पासून तेथे विमाने उभी करून ठेवण्याचे काम चालते.