गंगू तेली म्हणजे गांगेयदेव अन् तैलप? तारखा तर जुळत नाहीत

प्रश्न असा आहे की 'कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली' मधला गंगू तेली नव्हताच, कलचुरी गांगेयदेव आणि चालुक्य तैलप या, माळव्याच्या परमार घराण्यातल्या भोजाने हरवलेल्या, दोन राजांची ती चेष्टा आहे, हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर मुलीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात घालावा का.

तैलपाला आधी वगळा. तैलप दुसरा ९९७ च्या सुमारास वारला आणि भोज गादीवर आला १०१० च्या आसपास. मग हरवला कोणाला? घोळ कुठून झाला तेही कळतं. भोजाचा काका मुंज, त्याला तैलपाने कैद करून मारलं, हे खरं. पुढच्या काळातल्या प्रबंधकथांनी, म्हणजे राजांवरच्या दंतकथावजा चरित्रांनी, पुतण्याकडून त्याचा सूड घेववला. कथेला सूड हवाच असतो. प्रत्यक्षात भोज लढला तो तैलपाचा नातू जयसिंह याच्याशी, अन् गंमत म्हणजे त्या वेळी गांगेयदेव भोजाच्याच बाजूने होता. तिसरा भिडू राजेंद्र चोळ.

ती दोस्ती टिकली नाही. पुढे भोजाने गांगेयाला हरवलं. भोजाच्या राजधानीत, धारला, शिळेवर कोरलेल्या 'पारिजातमंजरी' नाटिकेत त्या विजयाचा उल्लेख आहे. ती शिळा तेराव्या शतकातली, पण पराभव बहुतेक अभ्यासक मान्य करतात. तेवढ्यावरून गांगेय 'तेली' ठरतो का? जबलपूरजवळच्या त्रिपुरीचा हा राजा स्वतःला विक्रमादित्य म्हणवत होता, अन् त्याच्या लक्ष्मीछाप सोन्याच्या नाण्यांची नक्कल उत्तरेतल्या कित्येक घराण्यांनी केली. त्याच्या मुलाने, कर्णाने, तर भोजाच्या अखेरीस माळवा पार बुडवला. याचा पुरावा बघायला धारला जायची गरज नाही. आपल्या नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे संग्रहालयात, ११०४ चा परमारांचा शिलालेख आहे, पुढचा परमार राजा नरवर्मा याच्या काळचा. भोज गेल्यावर राज्य कर्ण अन् कर्णाटांच्या (कर्नाटकातल्या चालुक्यांच्या) पुरात सापडलं आणि भोजाचाच नातलग उदयादित्य याने वराहासारखं ते वर काढलं, असं त्यात म्हटलंय. नागपूरकर त्यावरून रोज जातात, थांबतं कोण!

तैलप बसत नाही म्हणून काही जण 'तेली' म्हणजे तेलंगणचा, अशी डागडुजी करतात. मला ती ओढूनताणून वाटते. कारण लोककथांत राजा नाहीच, तेलीण आहे. धारला लाट मशिदीपाशी लोखंडी स्तंभाचे तुकडे पडलेत, सगळे मिळून सुमारे १३ मीटर. ती एका राक्षसासारख्या तेलिणीच्या तराजूची दांडी, असं तिकडे सांगतात. पन्हाळ्याला वेगळीच गोष्ट: तटबंदी टिकेना म्हणून गंगू तेलिणीचा बळी दिला. तिथला भोज तर माळव्याचा नाहीच, तो शिलाहार भोज दुसरा, दीडशे वर्षांनंतरचा. भोज बदलला, गाव बदललं, तेलीण तीच राहिली. माझ्या मते म्हण आधी रुळली, आणि जिथे जिथे भोज नावाचा राजा होता तिथे लोकांनी तिला गोष्ट जोडली. सगळ्यांत मोठ्या नावाचा राजा अन् घाण्यावर राबणारं माणूस, एवढ्यावर म्हण उभी राहते. त्याला लढाई कशाला लागते?

हा मजकूर आपल्याकडे इतका का फिरतो, तेही उघड आहे. विदर्भात तेली समाज मोठा, जगनाडे महाराजांच्या नावाचा चौक आपल्या शहरात आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडचे पोवार भोजाला पूर्वज मानतात. गंगू राजा निघाला की कोणाचाच अपमान होत नाही. हेतू चांगला आहे, इतिहास कच्चा आहे.

भाषणात म्हणून तैलपाचं नाव काढा, गांगेयदेवाबद्दल 'असं एक मत आहे' एवढंच म्हणू द्या, आणि तेलिणीच्या दोन्ही गोष्टी नक्की घाला. परीक्षकांपैकी कोणी इतिहासाचा असेल तर अजब बंगल्याचा शिलालेख हुकमी पत्ता आहे, पण सन चुकवू नका.