क्रेगीवार हा लढाऊ किल्ला होता की राहतं घर? त्याचे मालक कोण?

राहतं घरच. आपल्याकडच्या गढीसारखं तटबंद, फक्त आडवं न पसरता उभं चढवलेलं. स्कॉटलंडमध्ये अशा घरांना टॉवर हाऊस म्हणतात. अ‍ॅबर्डीनला नोकरीला होतो तेव्हा मी तिथे दोनदा जाऊन आलो, आणि त्या मुलखातलं मला सर्वांत आवडलेलं घर तेच.

काम सुरू केलं मॉर्टिमर घराण्याने, पण ते त्यांच्या हातून पुरं झालं नाही. १६१० मध्ये विल्यम फोर्ब्सने अर्धवट वास्तू विकत घेतली. बाल्टिक समुद्रावरच्या व्यापारात त्याने बक्कळ पैसा कमावला होता. डान्झिग हे बाल्टिकवरचं बंदर, आजचं ग्दान्स्क; म्हणून लोक त्याला ‘डान्झिग विली’ म्हणत. १६२६ मध्ये सात मजली घर उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी तो वारला. ही गोष्ट मला फार लागते.

दाराशी जरा थांबून बघा. आत यायला दार एकच, आणि त्यामागे लोखंडी गज एकमेकांत ओवलेली जाळी. खालच्या भिंती साध्या, सपाट. सगळा नखरा वर, छपराजवळच्या बुरुजांत. दिवाणखान्यात चुन्याच्या नक्षीचं छत आहे, चुलाण्यावर भलंमोठं राजचिन्ह. जिन्यात कोरलंय, ‘झोपलेल्या कुत्र्यांना उठवू नका’.

फोर्ब्स, म्हणजे पुढचे फोर्ब्स-सेम्पिल, इथे साडेतीनशे वर्षं राहिले. १९६३ मध्ये घर जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेकडे आलं. दोन वर्षांनी घराण्याचे प्रमुख लॉर्ड सेम्पिल वारले आणि बॅरोनेट हा वंशपरंपरेने चालत आलेला किताब कुणाचा, यावर वाद पेटला. धाकटे भाऊ इवन हे गावोगाव फिरणारे डॉक्टर. जन्मनोंद मुलगी म्हणून झालेली, १९५२ मध्ये त्यांनी ती पुरुष अशी दुरुस्त करून घेतली होती. किताब फक्त पुरुष वारसाला, म्हणून चुलतभावाने हरकत घेतली. १९६८ मध्ये निकाल इवन यांच्या बाजूने लागला. त्यासाठी त्यांना जे खासगी तपशील उघड करावे लागले, ते वाचून आजही वाईट वाटतं.

जायचं तर लख्ख उन्हाच्या दिवशी जा. वरच्या मजल्यांवर विजेचे दिवे नाहीत, खिडकीतून येईल तेवढाच उजेड. आणि बाहेरचा गुलाबी गिलावा हाताने चाचपून बघा. मधल्या काळात सिमेंट थापलं होतं, त्याने भिंतींत ओल कोंडली. २०१० च्या आधीच्या दोन-तीन वर्षांत ते सगळं खरवडून पुन्हा चुना लावला.