तलावातली झाडे: वाचकांचे प्रश्न

जलपर्णी म्हणजे कमळाचाच प्रकार ना? (जुळे सोलापूर)

नाही. कमळ गाळात मूळ धरते, जलपर्णी पाण्यावर तरंगते. देठ मोडून पाहा, आत स्पंजासारखा फुगा दिसेल.

शेततळ्याच्या काठचे पाणकणीस उपटू का? (मोहोळ)

सगळे नको. ते इथलेच आहे. काठ धरून ठेवते, पाणपक्षी त्यात घरटी करतात. सांडव्यात माजले असेल तर तेवढेच काढा, पण आधी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) जागा दाखवा.

नर्सरीवाल्याने 'पाणी शुद्ध करणारे रोप' म्हणून जलपर्णी दिली. टाकीत वाढली, आता ओढ्यात सोडू का? (होटगी रोड)

अजिबात नको! दर पावसाळ्यात हाच प्रश्न येतो आणि दर वेळी जीव वर-खाली होतो. हे रोप दक्षिण अमेरिकेतले. अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि बी गाळात कित्येक वर्षे जिवंत राहते. सोलापूरच्या कंबर तलावावर हिरवा गालिचा पाहिला असेल, तो सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवरच पोसतो. 'शुद्ध करते' हे विक्रेत्याचे अर्धसत्य आहे. घाण शोषते खरी, पण रोप वेळेवर बाहेर काढले तरच. तिथेच कुजले की सगळे परत पाण्यात, वर प्राणवायू संपून मासे मरतात. जांभळा तुरा येण्याआधीच उपसा, पाण्यापासून लांब, उन्हात पूर्ण वाळवा. काठावर ढीग लावाल तर पहिल्याच पावसात रोपे परत पाण्यात. 'दिवाळीनंतर बघू' म्हणणाऱ्यांना दिवाळीनंतर पाणी दिसत नाही. टाकी रिकामी करा आणि ते रोप शेजाऱ्यालाही देऊ नका. ओढ्यात आधीच गेले असेल तर आजच महापालिकेला कळवा.

तळ्यात तणनाशक मारले तर? दुकानदार म्हणतो काही होत नाही. (बार्शी)

दुकानदाराला औषध खपवायचे आहे. मेलेले तण बुडून कुजते, आणि तेच पाणी गुरे पितात. लेबलवर पाण्यातल्या वापराची मंजुरी आहे का, हे कृषी अधिकाऱ्याकडून तपासून घ्या. तोवर डबा उघडू नका.

शेळ्या बेशरम खातात. चालेल? (अक्कलकोट)

नाही. बेशरम ही पाण्याकाठी वाढणारी वनस्पती विषारी आहे. शेळ्यांना तिची चटक लागते, मग त्या वाळतात, चालताना झोकांड्या जातात. झाडपाल्याचे उपाय करत बसू नका, आजच पशुवैद्यकाकडे न्या.