किल्लारीच्या भूकंपावर कादंबरी लिहायची आहे. अभ्यास कुठून सुरू करू? आणि कादंबरी लिहून पोट भरतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. नाही भरत. मी नोकरी करतो, पहाटे उठून लिहितो. हजार प्रतींची आवृत्ती खपायला काही वर्षं जातात आणि रॉयल्टीतून फार तर पुढच्या फेऱ्यांचा एसटीचा खर्च निघतो. हे चालणार असेल तर पुढे वाचा.

आकडे एका बैठकीत मिळतील. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, तीव्रता सहाच्या थोडी वर, मृत्यू आठ ते दहा हजारांच्या दरम्यान. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, हे दोन जिल्हे. एवढ्यावर बातमी होते, कादंबरी होत नाही.

पंचांग उघडा. लोक गणपती विसर्जन करून झोपले होते, म्हणजे अनंत चतुर्दशीची रात्र, पौर्णिमा तोंडावर. पहाटे चारला चंद्र पश्चिमेकडे होता. 'काळ्याकुट्ट अंधारात' असं वाक्य सुचलं असेल तर खोडून टाका. अंधार लिहायचाच असेल तर पडलेल्या भिंतींच्या धुळीचा लिहा. पुढे मदतकार्यात पाऊसही आडवा आला.

मग घर समजून घ्या. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, असं माझं मत. दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, वर माळवद: तुळया, फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी नवी माती टाकायची, त्यामुळे थर वर्षागणिक चढत जायचा. भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या दगडांना एकमेकांत बांधणारा लांब दगड बहुधा नसायचा, म्हणून हादऱ्यात भिंत मधोमध फाकली आणि माळवद खाली आलं. काही घरांत भिंती ढासळल्या, पण लाकडी खांबांवर छत तरलं. कुडाच्या झोपडीत राहणारे त्या मानाने वाचले. ज्या घरांकडे गाव मान वर करून बघायचं, तीच घरं मालकांच्या अंगावर पडली. तुमच्या कथानकाला याहून मोठा पेच दुसरा शोधायची गरज नाही.

लोकांशी बोलताना 'त्या रात्री काय झालं?' असं विचारू नका. ते इतक्यांदा विचारून झालंय की उत्तर पाठ झालंय. 'जुनं घर कसं होतं?' विचारा. एका आजींनी माझ्यासमोर काडीने मातीत सगळं घर काढलं: ही ढाळज (दाराजवळची बसायची जागा), हे बळद (धान्य साठवायची जागा), इथं दिवळीत (भिंतीतल्या कोनाड्यात) चिमणी म्हणजे रॉकेलचा दिवा, वर सवणं (उजेडासाठी छतात ठेवलेलं भोक). मग काडी एका कोपऱ्यात टेकवून म्हणाल्या, 'सून हितं निजायची.' पुढचं त्या आपणहून बोलल्या. मी वही बंद ठेवली होती. तुम्हीही ठेवा, आणि चहाला नाही म्हणू नका.

कादंबरी त्या पहाटेपासून सुरू करू नका, एवढा हट्ट मात्र धरेन. १९९२च्या ऑक्टोबरपासूनच किल्लारीला लहान-मोठे धक्के बसत होते. माणसं घाबरून बाहेर झोपायची, मग हळूहळू आत यायला लागली. भीतीची सवय होणं रंगवायला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं.

शेवटही ढिगाऱ्यापाशी करू नका. बावन्न गावं नव्या जागी वसवली, जमिनीच्या प्रमाणात लहान-मोठी घरं दिली. सरळ रेषेतले रुंद रस्ते आले आणि गल्ली-आळीचा जुना शेजार मोडला. लिंगायतांत मयताला पुरायची रीत, पण तेव्हा सामूहिक चिता पेटवाव्या लागल्या. अशा घरातल्या मुलाला पुढे काय काय वाटत राहिलं असेल? अशा प्रश्नाला सरकारी अहवालात उत्तर नसतं, तिथे आपल्याला लिहायला जागा असते.

गावाचं नाव काल्पनिक ठेवा. खरं ठेवलंत तर प्रत्येक मेलेला माणूस कुणाचा तरी नातेवाईक निघतो. आणि त्या भागातल्या कुणाला तरी कच्चा खर्डा वाचायला द्या, निदान संवाद तरी. औसा-उमरग्याची बोली पुण्यात बसून जमत नाही.