केळीवरची बुरशी पुण्याच्या संग्रहात जमा करू की कॉलेजच्या फ्रीजमध्येच ठेवू?

तुम्ही लिहिलंय, गाइड म्हणतात, ‘कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली जिवंत बुरशी) बाहेर दिलं की दुसराच कुणी पेपर छापून मोकळा होईल.’ माझे गाइडही अगदी हेच म्हणायचे. म्हणून हे उत्तर.

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या फळांवरून मी कोलेटोट्रायकम या रोगकारक बुरशीची १८ आयसोलेट (वेगवेगळी काढलेली कल्चर) काढली होती. सात नंबरच्या प्लेटवर असा नारिंगी चिकट थर यायचा की लेबल वाचायची गरजच नसे. दर दोन महिन्यांनी सबकल्चर करायचो, म्हणजे ताज्या माध्यमावर हलवायचो. पाच-सहा वेळा झाल्यावर सात नंबर पांढरी, कापसासारखी व्हायला लागली, बीजाणू जवळपास बंद. तेव्हाच सरांना म्हटलं, एक स्लँट (तिरप्या आगार जेलवर बुरशी वाढवलेली नळी) पुण्याला देऊ या, आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. सर म्हणाले, “आपलं पोर दुसऱ्याच्या घरी कशाला वाढवायचं?”

मग जळगावचा मे. पारा ४५ ला, कॉलेजला सुट्टी, आणि कुणीतरी जाताना मेन स्विच पाडून गेलं. २२ दिवसांनी फ्रीज उघडला. वासाचं सोडा, खरा घात माइट्सनी, म्हणजे बारीक कोळीकिड्यांनी, केला होता. आगारवर बारीक ठिपक्यांच्या रांगा, जणू कुणी सुईने टीप घातलीय. माइट चालत गेली ती वाट, आणि तिच्या कडेने काळी अ‍ॅस्परजिलस बुरशी उगवलेली. कापसाचे बोळे त्यांना काय अडवणार! १७ गेली. वाचली ती एकच, कारण आमच्या लॅब असिस्टंट आप्पांनी मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणून, निर्जंतुक करून एका स्लँटवर ओतून ठेवलं होतं. ती निघाली तेरा नंबर.

पुढे रिव्ह्यूअरने सात नंबरचा अ‍ॅक्सेशन नंबर, म्हणजे संग्रहातला नोंदणी क्रमांक, मागितला. डीएनए सिक्वेन्स होता, बुरशी नव्हती. अर्धा पेपर कापला.

चोरीचं म्हणाल तर संग्रहाच्या नोंदीत जमा करणाऱ्याचं नाव असतं. फ्रीजमधल्या नळीवर फक्त मार्करची शाई, तीही पुसली जाते. साधं जमा केलंत तर इतरांना मागता येतं, आणि ते बरोबरच आहे. फारच धास्ती असेल तर पैसे भरून राखीव ठेवायची सोय असते.

कसं द्यायचं? एकाच बीजाणूपासून वाढवलेलं शुद्ध कल्चर, ताज्या दोन-तीन स्लँट, फॉर्मवर पीक, गाव, तारीख, माध्यम, आयटीएस सिक्वेन्स (बुरशी ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा). बीजाणू देणं थांबायच्या आत द्या. बाकी फॉर्मवरच सगळं लिहिलेलं असतं. प्रजाती नवीन निघाली तर मात्र जिवंत स्लँट टाइप (नावाचा आधार असलेला मूळ नमुना) म्हणून चालत नाही; वाळवलेला नमुना किंवा लायोफिलाइज करून (गोठवून वाळवून) निष्क्रिय केलेलं कल्चर लागतं, आणि १ जानेवारी २०१३ पासून मायकोबँकसारख्या बुरशीनावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नावाची नोंदणीही सक्तीची आहे.

हो, एक राहिलंच. तिकडे दिलं म्हणून घरचं टाकू नका, एक स्लँट पॅराफिन तेलाखाली ठेवाच. कुरियर मेमध्ये करू नका. आणि वनस्पतींवर रोग पाडणारी बुरशी आहे, तेव्हा पाठवण्याआधी संग्रहाला विचारा.

गाइडना दाखवायचं असेल तर हे उत्तर खुशाल दाखवा. माझे सर आता निवृत्त होऊन भुसावळला असतात. त्यांनाही लिंक पाठवतोय.