मधेच उठावं लागतं तेव्हा : पायमोजे आणि शालींबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरच्या कामांतून सलग वीस मिनिटंही मिळत नाहीत. अशा वेळी मोजे विणायला घ्यावेत की शाल? शिवाय विणकाम पुन्हा हातात घेतलं की कुठवर आले होते तेच उमगत नाही.

उत्तर : दोन्ही घ्या, पण दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवा. मोज्याची नळी, म्हणजे घोट्याच्या वरचा भाग, नुसती गोल गोल फिरते. ६०-६४ टाक्यांची एक फेरी सरावलेल्या हाताला दोन-तीन मिनिटांत होते आणि मुलांचा अभ्यास घेता घेताही चुकत नाही. टाचेचं वळण आणि जाळीची शाल यांना मात्र शांतता लागते. त्यातही एक सोय आहे. जाळीच्या बऱ्याच नमुन्यांत नक्षी फक्त सुलट बाजूच्या ओळीत असते, परतीची ओळ सगळी उलट टाक्यांची. घरात गडबड असताना परतीची ओळ करा, नक्षीची ओळ सगळे झोपल्यावर.

शाल ठेवताना ओळ पुरी करूनच ठेवा. मोज्यात फेरी मधेच सोडावी लागली तर परत उचलताना एकच गोष्ट बघा : गुंड्याकडून आलेली लोकर ज्या टाक्यातून लोंबते, तो टाका उजव्या हातातल्या सुईवर हवा. तो डाव्या हातात आला तर तुम्ही उलट्या दिशेने विणत सुटता आणि त्या जागी भोक पडतं. हे भोक दोन-तीन फेऱ्या झाल्यावर दिसतं, म्हणून लोकांना वाटतं टाका गळला. गळलेला नसतो, दिशा बदललेली असते. तेवढ्या फेऱ्या उसवण्यावाचून इलाज नाही.

आणि ओळींचा हिशेब डोक्यात ठेवू नका. कागदावर रेघा मारा, पाच झाल्या की आडवी काट. ओळ सुरू करताना नाही, संपल्यावर रेघ मारायची. सुरुवातीला मारली आणि मधेच उठलात, तर ती ओळ झाली की व्हायची आहे हे सांगणारं कुणी नसतं.

प्रश्न : मोजा सुंदर झाला, पण टाचेवरून चढतच नाही. वरची कड करकचून बसते. जाड सुईवर टाके घालूनही तेच.

उत्तर : जाड सुईने टाक्याचा फास मोठा होतो, पण दोन टाक्यांना जोडणारा खालचा धागा तेवढाच राहतो, आणि ताणताना अडतो तो हा धागा. म्हणून नेहमीच्याच सुईवर टाके घाला, पण प्रत्येक नवा टाका आधीच्या टाक्याला चिकटवून ओढू नका. दोघांमध्ये अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास जागा सोडा. कड सुईवर अगदी गबाळी दिसेल, दिसू द्या. दोन-तीन फेऱ्यांत ती बसते. त्यापुढे २ सुलट, २ उलट अशी पट्टी निदान ४ सेंटीमीटर विणा.

विणत बसण्याआधी एकदा कड ताणून बघा. टाचेच्या टोकापासून पावलाच्या वरच्या वळणापर्यंत तिरका घेर मोजा. मोजा चढताना पार करावा लागतो तो हा, घोट्याचा नव्हे. कड तेवढी ताणली गेली पाहिजे.

प्रश्न : टाच दर वेळी फसते. एकतर टाके उरतात, नाहीतर दोन्ही कोपऱ्यांत भोकं पडतात. आकडे देऊन सांगाल का?

उत्तर : ६४ टाक्यांचा मोजा धरू. पावलाचा घेर २२ सेंटीमीटर असेल तर मोजा सुमारे दहा टक्के कमी, म्हणजे २० सेंटीमीटरचा हवा. सैल मोजा बुटात गोळा होतो आणि लवकर झिजतो. १० सेंटीमीटरला ३२ टाके बसत असतील तर ६४ टाके होतात. बारीक लोकर आणि २.२५ मिलिमीटरची सुई यांवर बहुतेकांचा हात या आकड्याच्या जवळपास येतो. (नंबरावरून सुई घेत असाल तर जपून. जुन्या ब्रिटिश पद्धतीत २.२५ मिलिमीटर म्हणजे १३ नंबर, आणि नंबर वाढेल तशी सुई बारीक होते. अमेरिकन पद्धतीत नेमकं उलटं. मिलिमीटरवर विश्वास ठेवा.)

निम्मे ३२ टाके टाचेसाठी घ्या, उरलेले ३२ पावलाच्या वरच्या बाजूचे, ते थांबू द्या. टाचेची पट्टी पुढे-मागे ३२ ओळी विणायची. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्या, म्हणजे कडेला १६ मोठे, साखळीसारखे टाके तयार होतात. सुलट बाजूच्या ओळीत एक टाका उचला, एक विणा, असं केलं तर पट्टी दुहेरी जाड होते आणि बुटाच्या घासण्याला टिकते.

आता वळण. सुलट बाजूने : १ टाका उचला, १६ सुलट, पुढचे दोन एकत्र, १ सुलट, आणि ओळ अर्धी ठेवूनच काम फिरवा. डावीकडे १२ टाके न विणलेले राहिले पाहिजेत. उलट बाजूने : १ उचला, ३ उलट, दोन एकत्र उलट, १ उलट, फिरवा. इथेही १२ राहतात. पुढच्या ओळीत १ उचला, ४ सुलट, दोन एकत्र, १ सुलट. मग मधले ५, मग ६, असं दर ओळीत एक वाढवत जा. फिरवल्याजागी टाक्यांमध्ये फट दिसते. दोन एकत्र करताना फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक घ्यायचा. ही फट तुमची खूण आहे. ती दिसत असेल तर मोजायचीही गरज नाही. एकूण १४ ओळींत सगळे टाके संपतात आणि सुईवर १८ उरतात. १८ नसतील तर पुढे जाऊ नका. चूक बहुधा पहिल्या दोन ओळींत असते.

मग पट्टीच्या दोन्ही कडांच्या साखळीतून १६-१६ नवे टाके विणून उचला. भोक पडतं ते इथे, पट्टी आणि वरचे थांबलेले टाके यांच्या बेचक्यात. त्या बेचक्यात आडवा धागा दिसतो. तो सुईवर उचलून पीळ देऊन विणा, म्हणजे दोन्ही बाजूंना १७ होतात. पीळ दिला नाही तर तुम्ही भोक बुजवलं नाही, त्याला टाका म्हणून कायम केलंत. आता १८ + १७ + १७ + ३२ = ८४ टाके झाले. एक फेरी साधी, एक फेरी दोन्ही कोपऱ्यांत एकेक टाका कमी, अशा १० घटीच्या फेऱ्यांनी परत ६४ वर या.

पंजाचं टोक यायला ५ सेंटीमीटर बाकी असताना बोटांकडची घट सुरू करा : एका फेरीआड ४ टाके कमी, ३२ उरेपर्यंत, मग दर फेरीला ४, १६ उरेपर्यंत. शेवटचे ८ आणि ८ समोरासमोर धरून बोथट सुईने सांधा. नुसता धागा ओवून आवळला तर बोटांवर गाठ टोचते.

प्रश्न : एकाच गुंड्यातल्या लोकरीचे, तेवढ्याच टाक्यांचे दोन मोजे, तरी दुसरा बोटभर आखूड.

उत्तर : पहिला विणून महिना लोटला ना? हात तेवढ्यात बदलतो. निवांत विणलेला भाग सैल येतो, घाईतला आवळ. म्हणून मोज्याची लांबी टेपने मोजून जुळवू नका, फेऱ्या मोजा : नळीच्या किती, टाचेनंतर पंजाच्या किती. पहिल्याच मोज्यात दर २० फेऱ्यांना वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा, दुसऱ्याच्या वेळी तो वाचता येतो. याहून खात्रीचा उपाय म्हणजे सुयांचे दोन संच घेऊन दोन्ही मोजे बरोबरीने चालवणं : इकडची नळी, तिकडची नळी, मग दोन्ही टाचा. दुसरा मोजा विणायचा कंटाळाही त्यात आपोआप टळतो.

नमुन्याचा चौकोन पुढे-मागे विणून टाके मोजले असतील तर तेही तपासा. बऱ्याच जणांची उलट टाक्यांची ओळ सुलटपेक्षा सैल येते आणि गोल विणताना ती ओळ नसतेच. मोज्याचा नमुना गोलच विणावा.

प्रश्न : चार सुयांवर विणते. सुया बदलतात तिथे उभ्या शिड्या दिसतात.

उत्तर : नव्या सुईचा पहिला टाका सगळेच आवळतात. आवळायचा दुसरा, पहिल्याचा सैलपणा त्याने खेचला जातो. तरी राहिल्याच तर दर काही फेऱ्यांनी दोन-दोन टाके पुढच्या सुईवर सरकवा, म्हणजे सांधा एका रेषेत राहत नाही.

प्रश्न : जाळीच्या शालीची सुई धाकट्याने ओढून काढली. सत्तर-ऐंशी टाके मोकळे झाले. उसवत गेले तर नक्षीच कळेना, आता सगळी शाल उसवावी लागेल का?

उत्तर : तुमचं काम कुठवर उसवलं आहे त्यावर आहे. पुढच्या वेळी मात्र पहिल्या क्षणी काहीच ओढू नका. लोकरीचा टाका लगेच धावत नाही, लोकर खरबरीत असते. (गुळगुळीत रेशीम किंवा बांबूचा धागा पळतो.) काम सपाट पसरा आणि नेहमीच्यापेक्षा बारीक सुईने टाके उचला, फक्त उचला, विणू नका. प्रत्येक टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढे आला पाहिजे; उलटा बसला असेल तर विणताना सरळ करता येतो.

आता तुमची शाल. नक्षीच्या ओळीखाली परतीची साधी उलट ओळ शोधा, आणि बारीक सुई त्या एकाच ओळीच्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायातून ओवत न्या. टोकापर्यंत पोचलात की वरचं सगळं बिनधास्त उसवा. धागा सुईपाशी येऊन थांबेल.

यापुढे दर दहा-बारा ओळींनी परतीच्या ओळीनंतर एक सुरक्षा-दोरा घाला. गुळगुळीत सुती दोरा, शालीहून वेगळ्या रंगाचा पण रंग न सोडणारा, बोथट सुईत ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून काढायचा. खुणेच्या कड्यांतून तो जाऊ देऊ नका, नाहीतर कड्या तिथेच अडकून बसतात. ८० टाक्यांना पाच मिनिटं लागतात, आणि मग कुणी सुई ओढली तरी नुकसान दहा ओळींचं.

ओळीत एकच टाका कमी भरत असेल तर तो क्वचितच गळलेला असतो. जाळीच्या भोकासाठी लोकर सुईवरून घ्यायची राहून गेलेली असते. त्या जागी दोन टाक्यांमधला आडवा धागा उचला, इथे पीळ न देता. भोक जरा लहान येतं, धुतल्यावर ओळखू येत नाही.

प्रश्न : त्रिकोणी शाल निम्मी झाली तेव्हा निम्म्याहून जास्त लोकर शिल्लक होती, म्हणून लांबी वाढवली. शेवटी टाके बंद करायलाही लोकर उरली नाही.

उत्तर : मानेपाशी सुरू होऊन रुंदावत जाणाऱ्या शालीत हा चकवा ठरलेला. निम्म्या ओळी झाल्या तेव्हा लोकर निम्मी नाही, फक्त पाव लागलेली असते. ७ टाक्यांनी सुरू करून दर दोन ओळींत ४ वाढवले तर १५० ओळींनंतर ३०७ टाके होतात. या शालीला १०० ग्रॅम लोकर लागली तर पहिल्या ७५ ओळींत २५ ग्रॅम जाते, पुढच्या ७५ ओळींत ७५. शेवटच्या दोनच ओळी अडीच ग्रॅमहून जास्त खातात.

स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर दोन ओळींचा फरक नीट कळत नाही, म्हणून सहा ओळींआधी आणि नंतर गुंडा तोला. येणाऱ्या फरकाला सहाने भागा, की एका ओळीची लोकर मिळाली. टाके बंद करायला निदान चार ओळींची लोकर राखून ठेवा. सैल, ताणणारी बंदी हवी असते, आणि तिला साध्या बंदीपेक्षा जास्त लागते. आवळ बंद केलेली शाल पुढे कितीही ताणली तरी तिचं टोक बसत नाही.

आता तुमच्यासाठी : शेवटच्या चार ओळी उसवा आणि तिथेच बंद करा.

प्रश्न : लोकरीचे मोजे यंत्रात धुतले गेले आणि बाहुलीच्या मापाचे झाले. परत मोठे होतील?

उत्तर : नाही. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड जमून जातं. ते सुटत नाहीत. मोज्यांसाठी ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉनची, यंत्रात धुण्याजोगी म्हणून प्रक्रिया केलेली लोकर घ्या. १०० ग्रॅमला साधारण ४०० मीटर असेल तर मोठ्या माणसाचा एक जोड होतो. धुणं घरात कुणीही लावत असेल तर हीच घ्या. वेष्टनाची पट्टी टाकू नका, धुण्याच्या खुणा तिच्यावरच असतात.

प्रश्न : शाल पूर्ण झाली, पण चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते. चित्रातली जाळी कुठे गेली?

उत्तर : अजून ताणायची आहे. कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा, न चोळता, न पिळता. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग चटईवर पसरून आधी वरची सरळ कड, मग खालचं टोक, मग कडेचा एकेक कंगोरा ओढून न गंजणाऱ्या टाचण्यांनी टोचा. पूर्ण वाळेपर्यंत काढू नका. जराशी ओल राहिली तरी शाल परत आक्रसते. लहान मुलं असतील तर टाचण्या मोजून लावा आणि मोजून काढा.

हे सगळं खऱ्या लोकरीपुरतं. ॲक्रिलिक नुसतं भिजवून ताणलं तर वाळल्यावर परत मूळ आकारात येतं. वाफ दिली तर आकार धरतं, पण वाफ जास्त झाली की धागा लुळा पडतो आणि मग तो कधीच उभारी धरत नाही. इस्त्री दोन बोटं वर धरा, टेकवू नका, आणि आधी नमुन्याच्या चौकोनावर करून बघा.