पलंगाखालच्या पाहुणीला ओढून बाहेर काढू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दीड वर्षाची गावठी कुत्री, निवारा केंद्रातून आणून आठ दिवस झालेत. दिवसभर पलंगाखाली असते, तुम्ही समोर असलात की वाटीला तोंड लावत नाही, सकाळी वाटी रिकामी सापडते. रात्री हॉलच्या कोपऱ्यात शू करून ठेवते. परवा तुमच्या सात वर्षांच्या मुलीने पाय धरून बाहेर ओढायला घेतलं, तेव्हा गुरगुरली. सासूबाई म्हणतात परत देऊन या. आणि तुम्ही विचारताय, "आम्ही तिला घरातलीच मुलगी मानतो, मग ती अशी का वागते?"

परत देऊ नका, निदान आत्ता तरी. आणि ती गुरगुरली हे चांगलं झालं.

हे दुसरं वाक्य मला महागात पडून कळलंय. २०११ साली आमच्या डोंबिवलीच्या घरात खंडू हा कुत्रा आला, तेव्हा तो तीन वर्षांचा, रस्त्यावर वाढलेला. जेवताना कोणी जवळून गेलं की गुरगुरायचा. एका जाणत्या नातेवाइकांनी सांगितलं, पेपरची सुरळी करून नाकावर द्या एक. दिली. तीन-चार वेळा दिल्यावर गुरगुरणं थांबलं आणि मी खूश. महिन्याभराने वाटी उचलायला वाकलो तर आवाज नाही, काही नाही, सरळ हाताचा लचका. उजव्या अंगठ्याखाली वण अजून आहे. मी त्याची भीती काढलीच नव्हती, फक्त भोंगा काढून टाकला होता. तेव्हा तुमच्या मुलीला सांगा की कुत्री गुरगुरली म्हणजे ती "मला नको" म्हणतेय. आपण मागे व्हायचं, रागवायचं नाही. मोठं माणूस खोलीत नसताना दोघींना एकत्र ठेवू नका, कितीही गट्टी झाली तरी. आणि कधी दात लागलाच, अगदी खरचटलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की हातात काही उरत नाही.

आता "घरातली मुलगी" याबद्दल. तुमच्या माहेरी किंवा सासरी कधी गावाहून कोणी भाचा, पुतण्या शिकायला राहिला असेल. पहिले पंधरा दिवस तो दुसरी पोळी मागत नाही. रात्री तहान लागली तर स्वयंपाकघरातला दिवा न लावता चाचपडत पाणी पितो. तो आपलाच असतो, पण हे त्याला अजून कळलेलं नसतं. तुमच्या कुत्रीचं तेच चाललंय. आपण आठ दिवसांत तिला मुलगी मानून मोकळे झालो, तिच्या लेखी आपण चार अनोळखी माणसं आहोत आणि दारं बंद आहेत. कुत्री सांभाळणारे लोक ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस बावरलेपणाचे, तीन आठवडे घराचं वेळापत्रक कळायचे, तीन महिने रुळायचे. खंडूने पहिले नऊ दिवस वॉशिंग मशीनच्या मागे काढले. तुमच्या कुत्रीला पाहिजे तेवढाच पसारा द्या: एक कोपरा, एक जुनी चादर (तुमच्या वापरातली, न धुतलेली), पाणी, आणि तिथे कोणीही हात घालणार नाही याची खात्री.

तुम्ही त्या खोलीत जाऊन बसा, पण तिच्याकडे बघू नका. पेपर वाचा, भाजी निवडा. आमच्याकडे हे काम आईने केलं, आणि तेही मनात नसताना. तिला कुत्रा घरात नकोच होता. डिसेंबरातली दुपार, मटारांचे ढीग आलेले, आई मशीनपासून हातभर अंतरावर शेंगा सोलत बसलेली. एक दाणा उडून मशीनखाली गेला. थोड्या वेळाने आतून जिभेचा आवाज आला. आईने मान न वळवता आणखी एक दाणा सरकवला, जरा अलीकडे. मग आणखी एक. तासाभरात नाक दिसायला लागलं, काळं, ओलं, त्याला मशीनखालचं जळमट चिकटलेलं. आई उठली, टोपलं घेतलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. हाक नाही, थोपटणं नाही. त्याच रात्री तो स्वतःहून हॉलमध्ये आला.

यावरून आई विरघळली असं समजू नका. अकरा वर्षांत तिने त्याला मांडीवर घेतलं नाही. स्वयंपाकघराचा उंबरा आणि देवघर बंद म्हणजे बंद. तरी घरात तो सगळ्यात जास्त कोणाचं ऐकायचा? आईचं. आम्ही बाकीचे कधी सोफ्यावर घ्यायचो, कधी ओरडून उतरवायचो. आईचा नियम सोमवारी होता तोच रविवारी. त्यामुळे तुमच्या सासूबाईंना या प्रकरणात शत्रुपक्षात ढकलू नका. त्यांना विचारा, कुठे यायचं नाही. त्या दोन जागा ठरवा आणि घरातल्या प्रत्येकाने पाळा. कुत्र्याला लाड कमी पडले तर चालतात, नियम रोज बदललेला त्याला झेपत नाही.

शूचं सोपं आहे. उठल्यावर, खाल्ल्यावर, संध्याकाळी, झोपण्याआधी असं ठरलेल्या वेळी खाली न्या, एकाच जागी. तिने बाहेर केली की तिथल्या तिथे खाऊ द्या, घरी आल्यावर नाही. घरात केली तर गुपचूप पुसा. फिनाईल टाळा, ती त्या फरशीवर चालते आणि मग पंजे चाटते. खाली नेताना मात्र गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही बांधा. नवीन कुत्रं मान मागे खेचून गळ्यातल्या पट्ट्यातून क्षणात निसटतं. आमचा खंडू पहिल्या दिवाळीत एका सुतळी बॉम्बला घाबरून असाच निसटला आणि दोन दिवसांनी ठाकुर्लीच्या बाजूला सापडला. गणपती तोंडावर आलेत, ढोल-ताशा तुमच्या गल्लीतून जाणारच. मिरवणुकीच्या वेळी आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा मोठा करून ठेवा.

खायला दहीभात, उकडलेलं अंडं, मीठ-मसाला न घातलेलं चिकन, काहीही चालेल. कांदा-लसूण घातलेला रस्सा नाही. शिऱ्यातले बेदाणे नाहीत, प्रसादाचा असला तरी नाही. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेट नाही. शिजवलेली हाडं नाहीत, त्यांच्या काचेसारख्या चिरफळ्या होतात. सासरेबुवा चहाबरोबर बिस्किट टाकणारच, ते मी थांबवू शकलेलो नाही, तुम्हीही थांबवू शकणार नाही.

एक गोष्ट मात्र ताबडतोब करा. रोज तिच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. ती हात लावू देत नसेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडून गोचिडांवरची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध घ्या. एका पावसाळ्यात खंडूने खाणं सोडलं. आम्ही बाहेरगावी जाऊन आलो होतो, म्हणून मला वाटलं रुसलाय. घरचा माणूस मानल्याचा हा तोटा! रुसवा आपल्या डोक्यात असतो, त्याच्या अंगात ताप होता. चौथ्या दिवशी ओठ वर करून बघितलं तर हिरड्या गुलाबीच्या जागी पांढऱ्याफटक. गोचीडताप, प्लेटलेट्स वीस हजारांवर. निरोगी कुत्र्याच्या दोन लाखांच्या पुढे असतात. अठ्ठावीस दिवस गोळ्या दिल्या तेव्हा वाचला. तेव्हा दोन वेळचं खाणं पूर्ण सुटलं की रक्त तपासून घ्या. आणि आपल्या औषधांच्या डब्यातली क्रोसिन, ब्रुफेन चुकूनही देऊ नका.

तुम्ही विचारलंय की कानाचं टोक कोणी कापलं. कोणी छळ केलेला नाही, ती नसबंदी झाल्याची खूण आहे. तेवढा एक खर्च वाचला. लसींचं कार्ड केंद्राकडून मागून घ्या, रेबीजची तारीख बघा, महापालिकेचा परवाना काढा. सोसायटीबद्दल फार घाबरू नका. कुत्रा पाळायला सरसकट बंदी करता येत नाही, असं भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने स्पष्ट केलेलं आहे. पण ते परिपत्रक नाचवत जाण्यापेक्षा सेक्रेटरींना कार्डाची झेरॉक्स द्या आणि शी उचलायला हातात कागद घेऊन खाली जाताना दिसा. माझं तरी त्यावर भागलं. मोठ्या आजारात खासगी दवाखान्याचं बिल झेपेनासं झालं, तर मुंबईत परळला जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, ते लक्षात ठेवा.

परत देण्याबद्दलही स्पष्ट लिहितो, कारण इथे लगेच "पाप लागेल" वगैरे सुरू होतं. मुलीच्या अंगावर ती न डिवचता धावून गेली, किंवा घरात कोणाला तिच्यामुळे दम्याचा त्रास व्हायला लागला, तर केंद्राला फोन करून परत देणं यात लाज नाही. रस्त्यावर सोडून येण्यात आहे. पण ओढल्यावर गुरगुरली, या कारणावर नको. तीन महिने द्या.

आजपासून पलंगाखाली हात नाही, खाऊ घेऊन हात नाही, झाडूसुद्धा नाही. आमच्या मशीनमागचा केर त्या वर्षी संक्रांतीला निघाला.